नियम सुटल्यानंतरची पहिली कॉफी : ओलायातल्या मराठी माणसासाठी

रियाधच्या ओलाया भागात नोकरीला आलेल्या माणसाला कॉफी शोधावी लागत नाही, तीच त्याच्यासमोर येऊन उभी राहते. किंगडम सेंटर आणि फैसलिया या दोन टॉवरांमधल्या पट्ट्यात जितकी ऑफिसं तितकेच कॅफे. बैठक सुरू होण्याआधी ऑफिसबॉय लांब चोचीचा दल्ला (कॉफीची किटली) आणि बिनकानाचे छोटे फिंजान (पेले) घेऊन फिरतो. जवळच्या तहलिया रस्त्यावर मध्यरात्र उलटली तरी कॉफीच्या दुकानांत गर्दी असते. इथे आलेल्या बहुतेक मराठी माणसांना याचं काही वाटत नाही. घरी चहा होता, इथे कॉफी.

काही जणांचा हात मात्र फिंजानपाशी अडखळतो. इस्कॉनची दीक्षा घेतलेल्या घरांत मांसाहार, नशा, जुगार आणि अवैध संबंध या चार गोष्टी वर्ज्य असतात आणि चहा-कॉफी नशेतच मोडते. पुण्यात औंधच्या बाजूला स्पायसर या शिक्षणसंस्थेभोवती सेव्हन्थ-डे अॅडव्हेन्टिस्ट मंडळींची वस्ती वाढली. त्या पंथात शनिवारचा शब्बाथ पाळतात, तसंच चहा-कॉफीपासूनही लांब राहायला सांगतात, आणि बऱ्याच घरांत ते काटेकोरपणे पाळलं जातं. मॉर्मन पंथात तर १८३३ सालच्या एका उपदेशाच्या आधारावर चहा-कॉफी बंद आहे. अशा घरात वाढलेला, पण आता ती श्रद्धा किंवा ते नियम मागे सोडलेला माणूस तिशी-पस्तिशीत प्रथमच कॉफीसमोर बसतो, तेव्हा त्याला कॅफेतल्या पोराला विचारता येणार नाहीत असे बरेच प्रश्न पडतात. हा लेख त्याच्यासाठी आणि तिच्यासाठी आहे. श्रद्धा सोडावी की धरावी, हा याचा विषय नाही. तो निर्णय तुमचा झालेला आहे, असं धरून पुढचं लिहिलं आहे.

आधी धडधड ओळखा

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. कॅफीनची सवय नसलेल्या शरीरात एकदम जास्त कॅफीन गेलं की छातीत धडधडतं, बोटं किंचित थरथरतात, तळहातांना घाम येतो, पोटात ढवळतं, रात्री डोळा लागत नाही आणि उगाचच काहीतरी वाईट घडणार असं वाटत राहतं. आता ही यादी पुन्हा वाचा. लहानपणापासून जे पाप म्हणून शिकवलं ते केल्यावर माणसाला जे होतं, ते नेमकं असंच असतं.

नियम सोडलेली अनेक माणसं इथेच फसतात. पहिल्याच दिवशी उत्साहाने मोठा ग्लास घेतात, तासाभराने हृदय धावू लागतं आणि मन म्हणतं, “बघ, लागलं ना पाप!” खरं तर ते अडीचशे-तीनशे मिलिग्रॅम कॅफीन असतं. आपल्या मेंदूत दिवसभर अडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि तेच थकव्याची, झोपेची जाणीव करून देतं. कॅफीन त्याच्या जागा अडवून बसतं. म्हणून तरतरी येते आणि मात्रा वाढली की तीच तरतरी अस्वस्थता होते. यात दैवी कोप नाही आणि तुमच्या निश्चयाचा कच्चेपणाही नाही.

म्हणून पहिला नियम असा : पहिली कॉफी इतकी थोडी घ्या की शरीराची धडधड सुरूच होऊ नये. मग जे काही वाटेल ते मनाचं आहे, हे स्वच्छ कळेल आणि त्याच्याशी मनाच्याच पातळीवर बोलता येईल. दोन्ही धडधडी एकाच दिवशी अंगावर घेऊ नका.

पहिला कप कोणता

ओलायात पर्याय ढीगभर आहेत. पहिल्यांदा पिणाऱ्याच्या सोयीने त्यांचा क्रम लावला तर तो असा लागतो.

*घरची दुधाची कॉफी.* मराठी घरांत कॉफी म्हणजे दूध, साखर, चिमूटभर जायफळ आणि वेलची. उपवासाला, पाहुण्यांना, नाहीतर रात्री जागायचं असलं की ती व्हायची. तुमच्या घरी नसली तरी शेजारच्या काकूंकडे तिचा वास आलेला असेल. पहिल्यांदा पिण्यासाठी ही सर्वांत मवाळ. सपाट चमचाभर, म्हणजे सुमारे २ ग्रॅम इन्स्टंट पावडरीत साधारण ६० मिलिग्रॅम कॅफीन असतं. पहिल्या दिवशी अर्धाच चमचा घाला. भारतीय कॉफी पावडर, गाळणीचं भांडं, जायफळ हे सगळं बत्त्याच्या बाजारातल्या भारतीय दुकानांत मिळतं. मेट्रोची निळी लाइन ओलायातून थेट बत्त्याला जाते. चिकरी मिसळलेली पावडर मिळाली तर आणखी बरं, कारण चिकरीत कॅफीन नसतं.

*सौदी गहवा.* ही दूध-साखरेची नव्हे. बिया अगदी हलक्या भाजतात, जाडसर दळतात, पाण्यात उकळतात आणि वर भरपूर वेलची, कधी लवंग, कधी केशर. रंग सोनेरी पिवळा. फिंजान लहान असल्यामुळे एका वेळी दोन-तीन घोटच पोटात जातात. मात्र रंग फिका म्हणून कॅफीनही फिकं, असं समजू नका. फिकेपणा हलक्या भाजणीमुळे येतो आणि भाजणीने कॅफीनमध्ये फारसा फरक पडत नाही. एक फिंजान निरुपद्रवी, पण गप्पांच्या नादात सहा-सात झाले की हिशेब बदलतो.

*कॅफेतली दुधाची कॉफी.* लाटे, फ्लॅट व्हाइट, कॉर्टाडो यांत एस्प्रेसोचे एक किंवा दोन शॉट असतात आणि एका शॉटमध्ये साधारण ६० ते ७५ मिलिग्रॅम कॅफीन असतं. ऑर्डर देताना “एकच शॉट” असं सांगून घ्या. आखातात लोकप्रिय असलेली स्पॅनिश लाटे कंडेन्स्ड मिल्कमुळे गोड असते. कडूपणाची भीती असणाऱ्याला ती सोपी जाते, पण साखर भरपूर पोटात जाते. या दुकानांत एका कपाला साधारण १५ ते २५ रियाल पडतात.

*व्ही-६०, ‘आजची कॉफी’, कोल्ड ब्रू.* बिनदुधाच्या या कॉफ्या रियाधमधल्या तरुण मंडळींच्या आवडीच्या आहेत. चव समजू लागल्यावर त्यांची मजा वेगळीच, पण पहिल्या आठवड्यात नकोत. मोठ्या ग्लासातल्या काळ्या कॉफीत ३०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅफीन सहज असू शकतं. कोल्ड ब्रू गार आणि गुळगुळीत लागते, त्यामुळे ४५ अंशांच्या उन्हातून आलेला माणूस ती पाण्यासारखी पिऊन टाकतो आणि मग संध्याकाळभर अस्वस्थ होत राहतो.

सौदी अन्न व औषध प्राधिकरणाच्या नियमानुसार जुलै २०२५पासून कॅफे आणि रेस्टॉरंटांना मेनूवर पेयातलं कॅफीनचं प्रमाण दाखवावं लागतं. हे तुमच्या फायद्याचं आहे. नाव आणि किंमत पाहून झाली की तो आकडाही पाहा.

गहवा घेण्याची रीत

तुमची पहिली कॉफी बहुधा तुम्ही ठरवलेल्या वेळी येणारच नाही. ती एखाद्या बैठकीत येईल. अशा वेळी रीत ठाऊक असली की निम्मा ताण उतरतो.

वाढणारा दल्ला डाव्या हातात धरतो आणि फिंजान उजव्या हाताने पुढे करतो. तुम्हीही उजव्या हातानेच घ्या. फिंजान काठोकाठ भरलेला नसेल, तळाशी थोडीच कॉफी असेल. हा कंजूसपणा नव्हे. उलट, काठोकाठ भरून देणं म्हणजे “पी आणि निघ” असं सुचवल्यासारखं होतं. आधी खजूर घ्या, मग घोट. कॉफीत साखर नसते, गोडवा खजुराचा. घोट संपला की वाढणारा पुन्हा ओतेल आणि तुम्ही थांबवेपर्यंत ओतत राहील. थांबवायचं असेल तर रिकामा फिंजान परत देताना मनगटातून दोन-तीनदा हलवा, किंवा “बस, शुक्रन” म्हणा. ही खूण न कळल्यामुळे पाच-पाच फिंजान पिऊन रात्रभर जागलेले नवखे बरेच असतात.

आणि घ्यायचीच नसेल तर? वाळवंटातल्या बदू टोळ्यांच्या जुन्या रीतीत पाहुण्याने पहिला फिंजान न पिता तसाच खाली ठेवला, तर त्याला यजमानाकडे काही मागायचं आहे असा अर्थ होई. आजच्या ऑफिसात कोणी इतकं मनावर घेत नाही. तरी फिंजान हातात घेऊन तसाच ठेवून देण्यापेक्षा, तो पुढे येतानाच उजवा हात छातीवर ठेवून हसून “शुक्रन” म्हणणं केव्हाही चांगलं. पाणी किंवा पुदिन्याचा चहा मागितला तर लगेच मिळतो.

या गहव्याला इथे मोठा मान आहे. २०१५मध्ये अरबी कॉफीची परंपरा औदार्याचं प्रतीक म्हणून युनेस्कोच्या यादीत नोंदली गेली. जाझान प्रांताच्या डोंगरउतारांवर पिकणाऱ्या खौलानी कॉफीच्या लागवडीची विद्या २०२२मध्ये त्याच यादीत आली. ते वर्ष तर सौदी सांस्कृतिक मंत्रालयाने ‘सौदी कॉफीचं वर्ष’ म्हणूनच साजरं केलं. म्हणजे तुमच्या घरी जे पेय व्रतभंगाचं, ते इथल्या धार्मिक घरात नमाजनंतर आणि रोजा सोडल्यावर पाहुण्यासमोर सन्मानाने ठेवतात. एवढं एकच निरीक्षण पहिल्या घोटाची भीती बरीच कमी करतं.

किती आणि केव्हा

निरोगी प्रौढ माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत आणि एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेचं मत आहे. ही वरची हद्द आहे, तिथपर्यंत पोहोचायचं असं नव्हे. तुम्ही आजवर चहाही घेतला नसेल तर तुमच्यासाठी पहिला आठवडा असा असू द्या :

• पहिल्या दिवशी ३० ते ४० मिलिग्रॅम, म्हणजे अर्ध्या चमच्याची दुधाची कॉफी किंवा गहव्याचे एक-दोन फिंजान.
• दोन दिवस काही त्रास झाला नाही तर एका शॉटची दुधाची कॉफी.
• दिवसाला एकदाच. दुसरा कप निदान पहिला आठवडा नको.
• रिकाम्या पोटी नको. नाश्त्यानंतर तासाभराने उत्तम. कॉफीने आतड्यांची हालचाल वाढते, काहींना लगेच शौचाला जावं लागतं. हे अगदी नेहमीचं आहे, पण महत्त्वाच्या बैठकीआधी पाच मिनिटं अनुभवायला नको.
• सोबत पाणी. रियाधची हवा कोरडी आणि एसी दिवसभर चालू. घसा सुकला की लोक पुन्हा कॉफी घेतात, तिथे पाणी हवं असतं.

वेळेचा हिशेब जास्त महत्त्वाचा. कॅफीनचा परिणाम अर्ध्या ते एका तासात चढतो आणि रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला सरासरी पाच तास लागतात. काहींचं यकृत ते भराभर संपवतं, काहींना दुप्पट वेळ लागतो. म्हणजे रात्री दहाला तहलियावर घेतलेल्या कपातलं निम्मं कॅफीन पहाटे तीनलाही तुमच्यासोबत जागं असतं. इथल्या गाठीभेटी रात्रीच्या इशाच्या नमाजनंतरच रंगतात, त्यामुळे हा मोह रोजचा आहे. पहिला महिनाभर दुपारी दोननंतर कॉफी नाही, असं ठरवून टाका. रात्री मित्रांसोबत बसायचं असेल तर डीकॅफ मागा. त्यात कॅफीन अगदीच नाममात्र असतं.

झोपेवर एवढा भर देण्याचं आणखी एक कारण आहे. पंथ किंवा श्रद्धा सोडल्यानंतरच्या काळात अनेकांची झोप आधीच उडालेली असते. पहाटे चारला उठून सोळा माळा जप करण्याची सवय शरीरातून लगेच जात नाही. जप थांबतो, जाग मात्र त्याच वेळी येते. त्यात संध्याकाळच्या कॉफीची भर पडली की दिवसा थकवा येतो, थकव्याला पुन्हा कॉफी घेतली जाते, आणि हे चक्र सुरू झालं की दोष कॉफीचा, नोकरीचा की निर्णयाचा, काहीच उमगत नाही.

कोणी आधी डॉक्टरांना विचारावं

गरोदर स्त्रियांनी दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आतच राहावं. गरोदरपणात कॅफीन शरीरातून फार हळू बाहेर पडतं, गर्भनिरोधक गोळ्यांनीही तो वेग मंदावतो. हृदयाचे ठोके अनियमित असतील, रक्तदाब आटोक्यात नसेल, घबराटीचे झटके येत असतील, आम्लपित्ताचा जुना त्रास असेल, तर आधी विचारा. थायरॉईडची गोळी घेतल्यावर निदान अर्धा तास, शक्यतो तासभर कॉफी नको, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी काही प्रतिजैविकं आणि नैराश्यावरची काही औषधं कॅफीनचा परिणाम खूप वाढवतात. रक्त कमी असेल, लोहाच्या गोळ्या चालू असतील, तर जेवणासोबत किंवा गोळीसोबत कॉफी घेऊ नका. ती अन्नातलं लोह शोषू देत नाही. आपल्याकडच्या शाकाहारी स्त्रियांनी हे विशेष लक्षात ठेवावं. शंका असेल तर सौदी आरोग्य मंत्रालयाच्या ९३७ क्रमांकावर फोन करून सल्ला मिळतो.

मनात येतं त्याचं काय

थोडीच घेतली, पोट भरलेलं होतं, शरीर शांत आहे, तरीही मन खट्टू झालं, असं होऊ शकतं. वीस-पंचवीस वर्षं पाळलेला नियम एका घोटात पुसला जात नाही. यावर तीन गोष्टी उपयोगी पडतात.

पहिली, या कपाला मतदान समजू नका. हा जुन्या श्रद्धेविरुद्ध दिलेला कौल नाही आणि स्वातंत्र्याचा जाहीरनामाही नाही. पेय आहे. रागाच्या भरात, कोणाला तरी दाखवून देण्यासाठी म्हणून प्यायलेली कॉफी बहुतेक वेळा बेचवच लागते, कारण लक्ष जिभेवर नसतंच. ज्या दिवशी घरी फोनवर वाद झाला, त्या दिवशी पहिला कप टाळा.

दुसरी, चहा-कॉफीवरून धर्मसंकटात सापडणारे तुम्ही पहिले नाही. १५११ साली मक्केत खाइर बेग या अधिकाऱ्याने धर्मपंडितांची सभा बोलावून कॉफीवर बंदी घातली होती आणि वैद्यांच्या साक्षीही काढल्या होत्या. पुढे कैरोहून आलेल्या हुकमाने ती सैल झाली. आणि हे पेय रुजवलं होतं कोणी? रात्रीच्या उपासनेत जागं राहता यावं म्हणून ते पिणाऱ्या येमेनच्या सूफींनी. भारतात कॉफीचं बी आणलं तेही हजहून परतणाऱ्या बाबा बुदन या सूफीने, अशी चिकमगळूरकडची परंपरा सांगते. आपल्या पुण्यात १८९०मध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली आणि पुढे त्यांची नावं ‘पुणे वैभव’ या वृत्तपत्रात छापली गेली, तेव्हा केवढं ग्रामण्य माजलं! न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक दोघांचीही नावं त्यात होती. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. दोघांनीही शेवटी आपापल्या परीने प्रायश्चित्त घेतलं. रानड्यांनी ते मित्रांच्या घरची अडचण दूर व्हावी म्हणून घेतलं, असं सांगतात. त्यांना पटलं म्हणून नव्हे, आपल्या माणसांचे दिवस सुखाने जावेत म्हणून. तुमच्यापुढेही पुढच्या भागात हाच पेच येणार आहे.

तिसरी, सोडलेल्या नियमांतलं काय ठेवायचं ते शांतपणे वेगळं काढा. पहाटे उठणं, ताजं सात्त्विक जेवण, दारू-तंबाखूपासून दूर राहणं, आठवड्यातला एक दिवस कामाला हात न लावणं, यातलं जे तुम्हाला मानवत होतं ते चालू ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही. कॉफी सुरू केली म्हणून बाकी सगळं सोडलंच पाहिजे, हाही शेवटी एक नियमच झाला, तोही कोणी न विचारता लादलेला.

घरच्यांना सांगायचं का

घाई नको. सातारला किंवा औंधला बसलेल्या आई-बाबांना तुमच्या हातातला कप व्हिडिओ कॉलवर अचानक दिसावा, हे तुम्हाला नको असेल तर कॉलच्या वेळी तो बाजूला ठेवा. याला ढोंग म्हणत नाहीत, मर्यादा म्हणतात. सांगायचं ठरवलं तर कॉफीपासून सुरुवात करू नका. ज्या घरात चहाही नशा आहे, तिथे “मी कॉफी घेतो” हे ऐकून आईच्या मनात पुढची पायरी दारूचीच येते. आधी एवढं सांगा, “आई, नियम आता पूर्वीसारखे पाळत नाही, पण तब्येतीला जपतो, वेळेवर जेवतो.” बाकीचं ती विचारेल तेव्हा. विचारलं तर खोटं सांगू नका, नाही विचारलं तर स्वतःहून यादी वाचू नका.

नवरा किंवा बायको अजून नियम पाळत असेल, तर स्वयंपाकघराची वाटणी आधी बोलून ठरवा. भक्तांच्या घरात सगळा स्वयंपाक आधी देवाला दाखवला जातो. त्या भांड्यांत कॉफी उकळणं म्हणजे त्यांच्या पूजेत हात घालणं. वेगळं पातेलं, वेगळा मग, वेगळा कप्पा ठेवा आणि सकाळच्या जपाच्या वेळी कॉफीचा वास दरवळू देऊ नका. मुलं असतील तर प्रश्न येणारच. “बाबा पितो, आई पीत नाही, दोघांचं वेगळं आहे,” एवढं उत्तर लहान मुलाला पुरतं. मोठ्यांनाच ते पचायला जड जातं.

एकाच खोलीत जुन्या सत्संगातले मित्र राहत असतील तर आणखी जपून. कोणी “प्रभुजी, हे काय चाललंय?” असं विचारलं, तर शास्त्रार्थ करू नका. “माझं मी बघतो, तुमच्या नियमात माझा अडथळा नाही,” इतकं बास.

रियाधमध्ये काय बोलू नये

हा भाग वगळून पुढे जाऊ नका. सौदी अरेबियात कॉफी पिणं अगदी सरळ गोष्ट आहे, श्रद्धेविषयी बोलणं मात्र सरळ नाही. इस्लाम सोडणं हा इथे देहदंडापर्यंत नेणारा गुन्हा मानला जातो. २०१४च्या नियमावलीत नास्तिक विचारांचा पुरस्कार दहशतवादाच्या व्याख्येत घातला गेला. ऑनलाइन मजकुरासाठी २००७चा सायबर गुन्ह्यांचा कायदा आहे आणि धार्मिक मूल्यांना बाध आणणाऱ्या मजकुराला त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि ३० लाख रियालांपर्यंत दंड आहे. इतर धर्मांच्या सार्वजनिक उपासनेला किंवा प्रचारालाही परवानगी नाही.

तुम्ही हिंदू किंवा ख्रिस्ती पंथातून बाहेर पडला असाल तर इस्लाम सोडण्याचा कायदा तुम्हाला लागू होत नाही. तरीही “मी धर्म सोडला” हे वाक्य ऐकणारा ते कोणत्या अर्थाने घेईल, हे तुमच्या हातात नसतं. म्हणून सहकाऱ्याने विचारलं, “इतके दिवस घेत नव्हतास, आज कशी?” तर खरं आणि पुरेसं उत्तर आहे : “घरी सवय नव्हती. आता चव बघतोय.” त्यावर तो आनंदाने आणखी एक फिंजान भरेल आणि जाझानच्या कॉफीबद्दल सांगू लागेल. पहिल्या कपाचा फोटो टाकायचा तर टाका, पण त्याखाली सुटकेची कहाणी लिहू नका. मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही नको, तिथला मजकूर कोण कुठे पुढे पाठवेल ते सांगता येत नाही. आणि मुस्लिम घरात वाढून मनाने दूर गेलेल्या वाचकाला एकच सांगणं : हा विषय या देशात कोणाशीही, फोनवर किंवा लिहून, काढू नका. मन मोकळं करायचं तर ते देशाबाहेर, समोरासमोर, पूर्ण विश्वासाच्या माणसापाशी.

रमजानमध्ये दिवसा सार्वजनिक जागी खाणं-पिणं कोणत्याही धर्माच्या माणसाला चालत नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. कॅफे सूर्यास्तानंतर उघडतात. रमजान येईपर्यंत तुम्हाला रोजच्या सकाळच्या कॉफीची सवय लागलेली असेल तर पहिले दोन-तीन दिवस डोकं दुखेल. कॅफीन अचानक थांबल्यावर बारा ते चोवीस तासांत ही डोकेदुखी सुरू होते आणि आठवड्याभरात जाते. रमजानच्या दहा दिवस आधीपासून कप अर्धा करत गेलात तर त्रास होत नाही. सुट्टीत माहेरी किंवा गावी जायचं असेल आणि तिथे कॉफी काढायची नसेल, तर हीच युक्ती वापरा.

नाही आवडली तर

असंही होतं. इतकी वर्षं मनाई असलेली गोष्ट तोंडात घेतली आणि ती नुसती कडू लागली. हिरमोड होऊ देऊ नका आणि आवडेपर्यंत पीत राहण्याची शिक्षाही स्वतःला देऊ नका. दूध बदलून, वेलची घालून, वेगळ्या भाजणीची अशी तीन-चार प्रकारे चाखून बघा. त्यानंतरही नकोच वाटली तर सोडून द्या. अॅडव्हेन्टिस्ट घरांत भाजलेल्या धान्याचं कॉफीसारखं पेय करतात. ते तुम्हाला लहानपणापासून आवडत असेल तर खुशाल तेच प्या. पंथ सोडला म्हणून त्याची चवही सोडावी लागत नाही.

महिनाभराने एकदा हिशेब करा : झोप कशी आहे, पोट कसं आहे, चिडचिड वाढली का, खर्च किती झाला. रोज १८ रियालांची एक कॉफी म्हणजे महिन्याला ५४० रियाल. घरी पैसे पाठवणाऱ्या माणसाला हा आकडा नजरेआड करता येत नाही. तेव्हा रोजची कॉफी घरी किंवा ऑफिसात आणि कॅफेतली गुरुवारी संध्याकाळी डीकॅफ, एवढी घडी बहुतेकांना पुरते. पुढे बैठकीत फिंजान आला तर इच्छा असल्यास घ्या, नसल्यास छातीवर हात ठेवून नाही म्हणा. आता दोन्ही उत्तरं तुमचीच आहेत आणि कोणतंही दिलंत तरी त्याचं कारण कुणाला सांगायला तुम्ही बांधील नाही.